शून्य मिनिटाचा नमुना

भांड्यात विकर, म्हणजे एन्झाइम, घातले की घड्याळ सुरू करायचे आणि त्याच क्षणी पहिला नमुना काढायचा. या पहिल्या नमुन्यात काही सापडता कामा नये. घडायचे ते अजून घडलेले नाही, एवढीच साक्ष त्याने द्यायची असते. म्हणून त्याला शून्य मिनिटाचा नमुना म्हणतात. प्रयोगशाळेत नव्याने आलेले लोक तो काढायचा कंटाळा करतात. ज्यात काही नाही ते मोजायचे कशाला, असे त्यांना वाटते. घड्याळकाकांनी एकतीस वर्षांत तो एकदाही चुकवला नव्हता.

त्यांचे खरे नाव हजेरीपटावर होते आणि तिथेच राहिले. काचेची भांडी धुण्याच्या कामावर ते लागले होते. बारावीपुढे शिक्षण नव्हते. पण हात स्थिर होता आणि वेळेचे भान इतके पक्के, की वर्षभरात त्यांच्याकडे नमुने काढण्याचे काम आले. दर दोन मिनिटांनी काढायचा म्हणजे दर दोन मिनिटांनी. एकशे एकोणीस सेकंदांनी नव्हे आणि एकशे एकवीस सेकंदांनीही नव्हे. लोक थट्टा करत.

"काका, जेवणाची सुट्टी झाली का, की तुमची मंजुरी यायचीय अजून?"

"चाळीस सेकंद आहेत. तोवर भूक वाढवा."

कंपनी औषध बनवत नसे. औषधाच्या अलीकडचा टप्पा बनवून ती दुसऱ्यांना विकत असे. उद्योगात या टप्प्याला इंटरमीजिएट म्हणतात. यातला एक टप्पा एका प्रतिजैविकाचा होता. रेणूचे दोन तुकडे थंड पाण्यात एकत्र ठेवायचे आणि विकराने ते जोडायचे. अडचण अशी, की जे विकर जोडते तेच नंतर तोडते. जोडलेला माल वाढत वाढत एका शिखरावर पोचतो, आणि मग तोच हात तो उसवू लागतो. शिखराच्या मिनिटाला आम्ल ओतून विकर मारायचे. आधी मारले तर न जोडलेले तुकडे उरतात. उशिरा मारले तर केलेले काम वाया जाते. भांडे पाच अंशांवर ठेवायचे तेही यासाठीच, की थंडीत सगळे सावकाश चालावे आणि शिखर हाताशी सापडावे.

हे मिनिट शोधण्याचे काम मॉडेलवाल्या मॅडमचे. डॉक्टरेट घेऊन आलेली, काकांच्या मुलीच्या वयाची ही बाई काकांचे आकडे घेऊन त्यांतून समीकरणे बांधत असे. तुकडे इतके, विकर इतके, थंडी इतकी असेल, तर शिखर अमुक मिनिटाला, असे ती समीकरणे सांगत. चार वर्षे हे काम चालले. काकांचे नमुने आणि मॅडमची वक्ररेषा एकमेकांवर अशी बसत, की बाहेरून आलेले तज्ज्ञ कागद वाकवून बघत.

"तुमच्या आकड्यांवर मी डोळे मिटून रेघ ओढते, काका," असे त्या एकदा म्हणाल्या होत्या. ते वाक्य काकांनी घरी सांगितले होते, दोनदा.

मॉडेलने दिलेले उत्तर होते चौतीस मिनिटे.

एक गोष्ट मात्र ही चार वर्षे सुरू होण्याच्या वर्षभर आधीच बदलली होती. काढलेला नमुना तत्काळ आम्लात सोडावा लागतो, नाहीतर नळीतले विकर काम करतच राहते. प्रयोगशाळेत याला नमुना मारणे म्हणत. पूर्वी आम्लाची बाटली भांड्याशेजारीच असे. सुरक्षा तपासणीला आलेल्या माणसांनी ती उघडी बाटली पाहिली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला, धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात ठेवायला लावली. अंतर एकोणीस पावलांचे. त्यासाठी नवा नियम आला: नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून कपाटापर्यंत न्यावा, आणि नोंदीच्या कागदावर 'बर्फात नेला' या रकान्यात खूण करावी. गंमत अशी, की खाली कारखान्यात, मोठ्या भांड्याच्या तोटीला, आम्लाची बाटली तारेने अडकवलेली होती ती तशीच राहिली. तपासणीवाल्यांना जिना उतरायचा कंटाळा आला असावा.

पहिले काही महिने काकांनी डबा नेला. मग उजवा गुडघा गेला.

"घड्याळाला गुडघा असतो हे कंपनीला माहीत आहे का?" बायकोने विचारले होते.

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस."

"मी कशाला सांगू? तुम्ही जिना चढता तेव्हा खालच्या मजल्यावरची माणसं दार उघडून बघतात."

निवृत्तीचे वय उलटून गेले होते. दरवर्षी एक वर्षाची मुदतवाढ मिळे, आणि तिच्यासोबत तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला जोडावा लागे. काकांना काम सोडवत नव्हते. घरी बसलेले घड्याळ कोणी बघत नाही, असे ते बायकोला म्हणाले होते, अर्धे हसत. त्यांनी एक युक्ती काढली. डाव्या हाताने मधल्या लांब टेबलाची कड धरायची, म्हणजे लंगडणे दिसत नाही. बर्फाने भरलेला डबा एकट्या उजव्या हाताने पेलवेना, म्हणून तो सोडला आणि नळी मुठीत घट्ट धरली. पंचवीस सेकंदांची वाट आधी पन्नासांची झाली, मग सत्तरांची. नमुना काढल्याची वेळ ते सेकंदासकट अचूक लिहीत. 'बर्फात नेला'समोर खूणही करीत. सवयीने हातून होणाऱ्या खोटेपणाला माणूस खोटेपणा म्हणत नाही.

खाली कारखान्यात त्यांचा धाकटा भाऊ ऑपरेटर होता. अकरा वर्षांनी लहान. काकांनीच शब्द टाकून लावलेला. कारखान्यात त्याला 'येतोच' म्हणत, कारण कोणी हाक मारली की तो 'येतोच' म्हणे आणि बऱ्याच वेळाने येई. ही ख्याती घरापासूनची. शाळेत पाठवताना आई म्हणायची, "धाकट्याला पुढे घाल, नाहीतर हा उद्या पोचेल." एका घरात एक वक्तशीर आणि एक वेळकाढू, अशी वाटणी लहानपणीच होऊन गेली होती, आणि दोघांपैकी कोणीही तिच्यावर कधी हरकत घेतली नव्हती.

नव्या पद्धतीने मोठ्या भांड्यात काढलेल्या पहिल्या दोन बॅचा धाकट्याच्या पाळीत आल्या. कागदावर चौतीस मिनिटे होती. दोन्ही बॅचांत न जोडलेले तुकडे मर्यादेच्या दुपटीने निघाले. दोन्ही फेकाव्या लागल्या.

कारण शोधायला कोणाला फार वेळ लागला नाही. प्रयोगशाळेत त्याच मॉडेलने, त्याच चौतीस मिनिटांना, वीस वेळा बरोबर उत्तर दिले होते. (ते वीसही नमुने काकांच्याच मुठीतून गेले होते, हे तेव्हा कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.) खाली आम्लाची झडप हाताने फिरवायची आणि वेळही हाताने लिहायची. लिहिणारा होता 'येतोच'. आयुष्यभर उशीर करणाऱ्याने या वेळी घाई केली असणार, एवढाच निष्कर्षातला नवेपणा होता.

काकांनी भावाला घरी बोलावून घेतले.

"दादा, मी चौतिसाव्या मिनिटालाच झडप फिरवली."

"घड्याळ बघितलंस?"

"बघितलं."

"कुठलं?"

"भिंतीवरचं."

"विकर घातलं तेव्हा कुठलं बघितलंस?"

"तेच. दुसरं आहे कुठे तिथे?"

"दोन्ही वेळा? नक्की?"

"नक्की."

"नीट आठव. प्रयोगशाळेत वीस वेळा चौतीस आलंय. माझ्या हातचं आहे ते. मग खाली काय वेगळं झालं?"

काकांनी तेच प्रश्न त्याच क्रमाने पुन्हा विचारले. ते एखादा संशयास्पद नमुना असाच दोनदा मोजत. या वेळी 'नक्की'च्या जागी 'बहुतेक' आले. तिसऱ्या वेळी धाकटा म्हणाला, "तू म्हणतोस तर असेलही."

विभागप्रमुखांनी काकांना बाजूला घेऊन सांगितले होते, की लिहून दिले तर प्रकरण ताकिदीवर मिटेल. म्हणून काकांनी मजकूर सांगितला आणि धाकट्याने तो लिहिला: 'माझ्याकडून अनवधानाने वेळेआधी आम्ल सोडले गेले.' 'अनवधानाने'मधल्या 'धा'चा काना आधी राहिला, मग त्याने तो दिला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काकांची बायको बघत होती. ती एवढेच म्हणाली, "भाऊजी, वाचून तरी बघा."

"दादाने सांगितलंय, वहिनी. वाचायचं काय त्यात."

माल घेणाऱ्या कंपनीने चूक कोणाची ते विचारले. विभागाने कबुलीजबाब दाखवला. महिन्याच्या आत धाकट्याची नोकरी गेली.

यानंतर पाच आठवड्यांनी बायकोने काकांना जवळजवळ ओढत हाडांच्या डॉक्टरकडे नेले. कित्येक वर्षांतली ही त्यांची पहिली रजा. मॅडमना त्या दिवशी विकराची नवी खेप तपासायची होती. त्यांनी नमुने स्वतः काढले, नियमात लिहिल्याप्रमाणे, डबा घेऊन.

दुसऱ्या दिवशी काका आत शिरताच त्या म्हणाल्या, "काका, एक गंमत सांगू? तुमचा शून्य मिनिटाचा नमुना काल खरंच शून्य आला."

"म्हणजे?"

"आलेखावर शून्यालाच एक बारीक टेकडी असते ना, पहिल्यापासून? मी ती यंत्रातली जुनी घाण समजून वजा करत आलेय. काल ती नव्हतीच."

"यंत्र धुतलं असेल कोणी."

"नाही धुतलं. तेच तर विचारत होते."

काकांनी कोट अडकवला. मग उजवा हात कोटाच्या खिशात राहून गेल्यासारखे ते काही वेळ खुंटीजवळ उभे राहिले.

ते शास्त्रज्ञ नव्हते, पण एकतीस वर्षे शास्त्राच्या शेजारी राहिले होते. पाच अंशांच्या भांड्यातून निघालेला चमचाभर द्रव माणसाच्या मुठीत सत्तर सेकंद राहिला तर काय होते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ऊब मिळताच विकर तिपटी-चौपटीने पळते. मुठीतले एक मिनिट म्हणजे भांड्यातली चार. कागदावर लिहिलेल्या तिसाव्या मिनिटाचा नमुना खरे तर चौतिसाव्या मिनिटाची हकीकत सांगत होता, आणि मॅडमची समीकरणे त्याच्यावर विश्वास ठेवून शिखर अलीकडे ओढत होती.

तरी त्यांनी मोजले. गुरुवारी दुपारी, हॉल रिकामा असताना, त्यांनी शून्य मिनिटाचे दोन नमुने काढले. एक बर्फात ठेवून नेला, एक मुठीत. यंत्रावर प्रत्येकाला बारा मिनिटे लागतात. पहिल्याची रेघ सपाट गेली. दुसऱ्याच्या रेघेवर टेकडी उभी राहिली, चार वर्षे राहत होती तिथेच. त्यांनी दोन्ही कागद छापून घेतले आणि घडी करून पाकिटात ठेवले.

एक सोपा मार्ग त्यांच्यासमोर होता, आणि तो त्यांनी दोन दिवस वापरूनही पाहिला. डबा पुन्हा हातात घेतला. टेबलाचा आधार सुटल्यावर पाय फरफटला, बर्फ फरशीवर सांडला. पण नमुने खरे आले आणि शिखर अडतिसाव्या मिनिटावर सरकले. असेच चालू ठेवले असते तर मॉडेल आपोआप दुरुस्त झाले असते. विकराच्या नव्या खेपेवर फरक ढकलता आला असता. कोणाला काही कळले नसते, आणि धाकट्याचा कागद फायलीत तसाच राहिला असता. तिसऱ्या दिवशी मॅडम आलेख समोर धरून कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या, तेव्हा काका त्यांच्या टेबलाशी गेले.

"मॅडम, ती टेकडी यंत्रातली नाही. माझ्या मुठीतली आहे."

त्यांनी सगळे सांगितले. गुडघा, टेबलाची कड, डबा, खुणा. मॅडम स्टॉपवॉच काढून म्हणाल्या, "चाला." काका चालले. बहात्तर सेकंद. त्यांनी पाण्याने भरलेली थंड नळी काकांच्या मुठीत देऊन तिच्यात तापमापक सोडला, पुन्हा चालायला लावले आणि आकडे टिपून घेतले. संध्याकाळपर्यंत मॉडेलमध्ये एका माणसाचे चालणे आणि एका तळहाताची ऊब घातली गेली होती. चार वर्षांचे जुने नमुने नव्या रेषेवर येऊन बसले, शून्याच्या टेकडीसकट. शिखर अडतीस.

"इतकं नेमकं जुळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. मग त्यांना आपण काय बोललो ते कळले आणि त्यांनी संगणकाचा पडदा बंद केला. "वजा मी केलं, काका. विचारायला हवं होतं, शून्याला माल कुठून आला म्हणून. तुमचं नाव होतं ना कागदावर, मग विचारलं नाही."

विभागप्रमुखांनी ऐकून घेतले. "चूक सापडली, चांगलं झालं. पद्धत सुधारून घेऊ."

"आणि माझा भाऊ, साहेब?"

"त्यांनी तर लिहून दिलंय."

"ते मी लिहायला लावलंय."

"सही त्यांची आहे ना?"

"सही त्याची आहे. चूक माझी आहे. मी तसं लिहून देतो."

"काका, बसा." साहेबांचा आवाज सौम्य होता. "तुमचा कागद फायलीत घातला, की चार वर्षांत ज्यांना ज्यांना आपण आकडे पाठवले त्या सगळ्यांना कळवावं लागेल. प्रत्येक खुणेचा जाब येईल. यातून तुमच्या भावाला काय मिळणार?"

"त्याने काही केलं नव्हतं, एवढं मिळेल."

"वर विचारतो."

काकांनी चार पानांचे पत्र लिहून दिले. वरून उत्तर आले ते दोन ओळींचे होते. नव्या पद्धतीत वेळ अडतीस मिनिटे करण्यात आली आहे; जुन्या प्रकरणात संबंधिताची लेखी कबुली असल्याने फेरविचाराचे कारण दिसत नाही. त्याच आठवड्यात प्रकृतीच्या कारणास्तव काकांची मुदतवाढ नाकारली गेली. निरोपाला त्यांना भिंतीवरचे घड्याळ दिले. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते.

एका रविवारी सकाळी काका धाकट्याकडे गेले. घर तिसऱ्या मजल्यावर. जाण्याआधी दहा वाजता येतो म्हणून निरोप पाठवला होता. दार उघडे होते आणि धाकटा दारातच उभा होता.

"पाच मिनिटं उशीर झाला, दादा."

"जिना होता."

धाकट्याने मान डोलावली. तो आता एका गोदामात दारावर बसत असे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची वेळ लिहीत असे. मनगटावर नवे घड्याळ होते, टेबलावर गजराचे एक. शेजारी एक वही उघडी होती. काकांची नजर तिच्यावर गेली: उठलो ५.३०, दूध ५.५०, आंघोळ ६.१०. पानामागून पाने. स्वयंपाकघरातून त्याची बायको चहा घेऊन आली. "भावोजी, आता यांच्यावरूनच घरातली घड्याळं लावतो आम्ही," ती म्हणाली. वाक्य विनोदाचे होते. ती हसली नाही, आणि कप ठेवून आत गेली.

काकांनी पाकिटातले दोन कागद काढून टेबलावर पसरले. सपाट रेघ आणि टेकडीची रेघ. सगळे सावकाश, क्रमाने सांगितले. "तू चौतिसालाच फिरवलीस झडप. चौतीसच चुकीचं होतं. ते मी चुकवलं."

धाकट्याने कागद बराच वेळ पाहिले. मग ते जुन्याच घडीवर नीट दुमडले.

"तू माझ्यासाठी खोटं कशाला बोलतोस, दादा?"

"खोटं नाही. हे बघ, मोजलंय मी."

"तुझे आकडे चुकत नाहीत. आयुष्यात कधी चुकले नाहीत." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, समजूत घातल्यासारखा सूर होता. "आणि मला आता आठवतंय सगळं. घशाला कोरड पडली होती. पाणी प्यायला जायचं होतं, म्हणून जरा लवकर हात घातला झडपेला. घड्याळात बत्तीस झाले होते. काटा दिसतो मला अजून."

"असं काही झालं नाही. तू मला त्या दिवशी सांगितलंस, चौतीस."

"तेव्हा नीट आठवलं नव्हतं. तू तीनदा विचारलंस म्हणून आठवलं."

काकांनी उजवी मूठ टेबलावर ठेवली, उघडली, पुन्हा मिटली. जो पुरावा त्यांनी आणला होता त्याच्यावर विश्वास ठेवायचा, तर त्यांच्यावरचा विश्वास सोडायला हवा होता. आणि धाकट्याकडे आता तेवढाच काय तो शिल्लक होता.

चहा निवला. ते उठले तेव्हा धाकट्याने त्यांचा दंड धरून दारापर्यंत सोबत केली. कागद त्याने त्यांच्या खिशात परत घातले. काका कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले. दुसऱ्या वळणावर थांबून त्यांनी वर पाहिले. धाकटा दारात उभा राहून मनगटाकडे बघत होता आणि वही त्याच्या हातात होती.

"दहा चाळीस," तो वरून म्हणाला. "सावकाश उतर, दादा."